कोरड्या काष्ठाला पाणी

दत्तजयंतीच्या अंकात एका ख्रिस्ती बाईविषयी लेख कशासाठी, असे कोणी विचारील. विचारावेच. श्रद्धा ही वस्तू आपल्या घरात रोजच्या सवयीने डोळ्यांआड होते, शेजाऱ्याच्या घरात मात्र ती चटकन दिसते, एवढेच माझे उत्तर.

आपण करमाळ्याची मंडळी जेऊरला गाडीत बसून पुण्याकडे निघालो की दौंडच्या पुढे केडगाव लागते. दत्तभक्त तिथे उतरतात ते नारायण महाराजांच्या बेटात जाण्यासाठी. त्याच केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. एकाच स्टेशनावर उतरून एक वाट दत्ताकडे जाते, दुसरी येशूकडे. बेटात मी कित्येकदा गेलो. रमाबाईंचे चरित्र मात्र म्हातारपणी, घर रिकामे झाल्यावर वाचले.

अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक. जन्म 1858 चा. वडील पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडायचे, सगळे बिऱ्हाड पाठीवर. होते-नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. मग दुष्काळ आला. उपास झाले, देवळांच्या पायऱ्या झाल्या, आणि 1874 मध्ये आई, वडील, बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. एवढे करूनही देव धावला नाही, हे त्या पोरीच्या मनात बसले. पुढे इंग्लंडात 1883 साली तिने बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे केवढा गहजब झाला! रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ताकडे वळतात म्हणून रानडे-भांडारकरांसारखी समंजस माणसेसुद्धा 1893 साली बाजूला झाली. तो राग खोटा होता असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरची मुलगी जाते त्यालाच कळते.

पण मला अडवले ते दुसऱ्याच गोष्टीने. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी बाईंनी कबूल केले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे पुस्तक पटले होते, भरवसा बसला नव्हता. ख्रिस्ती लोक श्रद्धेला ‘विश्वास’ म्हणतात. शब्द बघा, आपल्या बाजारातला आहे. वाण्यावर विश्वास, सालगड्यावर विश्वास. वाण्याचे दुकान आहे हे मानणे वेगळे आणि हिशेब न बघता त्याच्याकडून माल उचलणे वेगळे. त्यांच्या शास्त्रात अब्राहाम कुठे जायचे हे ठाऊक नसताना बिऱ्हाड उचलतो, आणि याकोब आपल्या पत्रात बजावतो की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. ख्रिस्ती जिणे ते एवढ्यावर उभे करतात.

आपल्या गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला नरहरी काय निराळे करतो? अंगावर कोड, आणि महाराजांनी हाती दिले वाळके औदुंबराचे लाकूड. म्हणाले, संगमावर रोव आणि पाणी घाल. लोक हसले. तो घालत राहिला. आपण पारायणात त्या लाकडाला पालवी फुटते तिथे हात जोडतो. मला आताशा अलीकडचे दिवस आठवतात, पालवी नव्हती ते. घागर भरायची, न्यायची, ओतायची, आणि लाकूड तसेच कोरडे.

माझे कारण सांगतो. आमच्या घरची चार वर्षांपूर्वी गेली. मूत्रपिंडाचा आजार. आजारपणात मी लागोपाठ तीन सप्ताह केले, गाणगापूरला निर्गुण पादुकांपुढे तिचे आयुष्य मागितले. नाही मिळाले. तेराव्यानंतर पुतण्या म्हणाला, “तात्या, एवढं केलंत, दत्तानं काय दिलं?” चेष्टेने नाही, पोटतिडकीने विचारले. काकीनेच वाढवला आहे त्याला.

रमाबाईंच्या उतारवयात हेच त्यांच्या वाट्याला आले. एकुलती एक मनोरमा, हाताखाली तयार झालेली, मिशनचा पुढचा आधार, 1921 च्या जुलैत वारली. आईने तेव्हाही प्रार्थना केलीच असणार. तरी बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी थांबवले नाही. मूळ हिब्रू-ग्रीक शिकून वर्षानुवर्षे चाललेले काम ते. पुढल्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. पंधरा-सोळा वर्षांची असताना आईबाप गेले तेव्हा हिचा देवावरचा भरवसा तुटला आणि साठीच्या पुढे लेक गेली तेव्हा तुटला नाही, हे कसे?

ख्रिस्ती माणूस म्हणेल, फरक देवाचा आहे, तिला खरा देव भेटला. त्याने तसेच म्हणावे, नाहीतर तो ख्रिस्ती कसला. मी दत्ताचा माणूस. मला फरक मागण्यात दिसतो. पहिल्या वेळी एवढे घातले तर एवढे मिळेल असा सौदा होता, आणि सौद्यात खोट आली की माणूस दुकान बदलतो. दुसऱ्या वेळी सौदाच नव्हता. 1896-97 च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आली. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला, आंधळ्या मुलींना शिकवले. रोज उठून शेकडो पोटांना घालायचे, तेही पुढल्या महिन्याची बेगमी हाताशी नसताना. असे दिवस काढता काढता भरवसा अंगी मुरला असेल. तो बुद्धीने येत नाही, हे मी बत्तीस वर्षे मास्तरकी करून सांगतो.

तिचे धर्मांतर मला अजूनही पटत नाही. तिचे पाणी घालणे पटते.

पुतण्याला मी काही उत्तर दिलेले नाही. देण्यासारखे हाताशी नव्हते. पहाटे उठून काकड आरतीला जातो ते तो बघतो, एवढेच. यंदा सप्ताहाला सोवळ्याचे पाणी भरायला येतो म्हणाला आहे. येऊ दे.