दोघांमधले खरे

बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये बांबूचा लगदा जाळीवर पसरतो, पाणी निथळते, तापलेल्या रुळांवर ताव सुकतो आणि सुट्या तंतूंचा कागद होतो. त्यांना धरून ठेवतात ते मुख्यतः हायड्रोजन बंध. कागद भिजला की हे बंध सुटतात, तंतू मात्र तसेच राहतात. मग जे गेले ते खरेच काही होते का? सातव्या शतकातल्या बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने ‘संबंधपरीक्षा’ लिहून नकार दिला : दोन वस्तू आपापल्या जागी असतात, त्यांना जोडते ती आपली कल्पना. पण खरे काय, याची त्याचीच कसोटी अर्थक्रिया, म्हणजे काही घडवून आणण्याचे सामर्थ्य, ही आहे. त्याच कसोटीवर संबंध खरा ठरतो, असे माझे म्हणणे आहे.

कागदातले बंध असंख्य आणि गुंतलेले. एकच जोडी न्याहाळायची तर वायूकडे जावे लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संजय वाटेगावकर आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन सल्फाइडच्या अशा जोड्या अभ्यासल्या. वायू बारीक छिद्रातून निर्वातात सोडला की कमालीचा थंड होतो, एरवी लगेच तुटणारी जोडी टिकते, आणि बंधात गुंतलेल्या गंधक-हायड्रोजनच्या कंपनाची वारंवारता खाली येते. त्याहून लख्ख पुरावा ऑक्सिजनचा. द्रवरूप ऑक्सिजन फिकट निळा दिसतो, पण तो रंग एकेकट्या रेणूच्या शोषणाने येत नाही. शेजारी आलेले दोन रेणू सुमारे ६३० नॅनोमीटरचा एकच तांबडा फोटॉन वाटून घेतात, दोघेही उत्तेजित होतात, आणि आपल्या डोळ्यांना उरतो निळा. डोळ्यांना दिसणारा रंग ही अर्थक्रिया नाही तर काय?

बौद्ध पक्ष म्हणेल, ही जोडी म्हणजे क्षणभर उपजलेली तिसरीच वस्तू. पण एकट्या रेणूच्या उत्तेजनाला लागणारी तरंगलांबी सुमारे १२७० नॅनोमीटर. जोडीने घेतलेल्या फोटॉनची ऊर्जा जवळपास नेमकी दुप्पट. दोघेही स्वतःपण राखून आहेत. हा केवळ प्रयोगशाळेतल्या थंडीचा खेळ, हेही खरे नाही. साध्या हवेत एकमेकांवर आदळणाऱ्या ऑक्सिजन रेणूंचे ४७७ नॅनोमीटरचे शोषण उपग्रह टिपतात आणि त्यावरून ढगांची उंची काढतात. तिथे तर बंध म्हणण्याइतकी जवळीकही बहुधा नसते. धर्मकीर्तीचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे : संबंध ही तिसरी वस्तू मानली, तर तिला दोघांशी जोडायला चौथा संबंध लागेल. वैशेषिक दर्शनाने संयोगाला, म्हणजे दोन वस्तूंच्या जुळण्याला, द्रव्य न म्हणता गुण म्हटले, दोघांत मिळून राहणारा आणि विभागाने नाहीसा होणारा, आणि ऑक्सिजनच्या वर्णपटाशी तेच अधिक जुळते.