परीक्षक: साक्षीदार की न्यायाधीश?

एखादी वस्तू बाजारात येण्यापूर्वी ज्यास ती विनामूल्य मिळाली, त्याने तिच्याविषयी दिलेला अभिप्राय निःपक्षपाती असू शकतो काय? हा प्रश्न जुनाच आहे. ग्रंथपरीक्षणे निघू लागली तेव्हापासूनचा आहे. परंतु बैठ्या खेळांच्या क्षेत्रात तो आज विशेष तीव्रतेने विचारला जात आहे. म्हणून त्याच उदाहरणाने त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

सारीपाट आणि बुद्धिबळ ह्यांपलीकडे ज्यांचा ह्या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे अवश्य आहे. पश्चिमेकडे, विशेषतः जर्मनीत, पटावरच्या नव्या खेळांना गेल्या काही दशकांत जवळजवळ ग्रंथांची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. पेटीवर कर्त्याचे नाव छापलेले असते; वर्षातील उत्कृष्ट खेळास जर्मनीत १९७९ पासून पारितोषिक देण्यात येते. क्लाउस टॉयबर ह्यांचा १९९५ साली निघालेला 'कॅटान' हा खेळ तर जगभर पसरला. मोठ्या पेटीस आपल्याकडे कित्येक हजार रुपये पडतात, आणि खेळ कसा आहे हे तर खेळून पाहिल्यावाचून कळत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाने परीक्षकावर भिस्त ठेवणे साहजिकच आहे. प्रकाशकही हे जाणून विक्रीपूर्वीच निवडक परीक्षकांकडे प्रती पाठवितो. अमुक दिवसाच्या आत अभिप्राय प्रसिद्ध करू नये, अशी अटही पुष्कळदा असते. २००९ साली 'किकस्टार्टर' निघाल्यापासून तर खेळ तयार होण्यापूर्वीच लोकांकडून पैसे गोळा करण्याची प्रथा रूढ झाली. तेथे परीक्षकाच्या हाती केवळ नमुना असतो, आणि वाचकाच्या हाती काहीच नसते.

अशा परीक्षकांवर लाचखाऊपणाचा आरोप सर्रास केला जातो. तो आम्हांस उथळ वाटतो. एका पेटीसाठी सुशिक्षित मनुष्य आपली जीभ विकील, असे मानण्यास आमचे मन घेत नाही. बहुतेक परीक्षक हौसेने आणि सचोटीने लिहितात. परंतु सचोटी आणि निःपक्षपात ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. मनात आहे तेच लिहिणे ही सचोटी. पण मनात जे आहे ते तेथे कसे आले, हा प्रश्न सचोटीच्या कक्षेबाहेरचा आहे.

ह्या ठिकाणी आपल्या भाषेतील दोन शब्द फार उपयोगी पडतात: 'भीड' आणि 'मिंधा'. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण स्वार्थी माणसास लागू आहे. मिंधेपणा मात्र भल्या माणसासच अधिक बाधतो. मार्सेल मोस ह्या फ्रेंच पंडिताने देणगीवरील आपल्या १९२५ च्या प्रबंधात असे दाखविले की, देणे, घेणे आणि परतफेड करणे ही तिन्ही समाजात बंधनेच असतात. निव्वळ फुकट असे काही नसते. आपल्या मासिकांनीसुद्धा अभिप्रायार्थ आलेल्या पुस्तकांच्या यादीस 'साभार पोच' असे नाव दिले. म्हणजे पुस्तक वाचण्यापूर्वीच आभार मानून झाले! उपकाराचे ओझे दोष लपवावयास लावीत नाही. ते दोषाची मात्रा कमी दाखविते. 'कंटाळवाणा' ह्या शब्दाच्या जागी 'निवांत' हा शब्द येतो, आणि लिहिणारास त्याचा पत्ताही नसतो.

ह्यावर कोणी म्हणेल, 'स्वतःचे पैसे मोजणारा तरी निःपक्ष असतो काय? आपण फसलो हे कबूल करणे त्यास जड जाते, म्हणून तोही वस्तूची स्तुतीच करतो.' हा आक्षेप खरा आहे, आणि महत्त्वाचाही आहे. पूर्वग्रहरहित मनुष्य जगात नाही. पण शंभर गिऱ्हाइकांचे पूर्वग्रह शंभर दिशांस जातात. एक खर्चाचे समर्थन करतो, दुसरा पैसे गेले म्हणून चिडतो, तिसऱ्यास हा प्रकारच आवडत नाही. ते सर्व एकत्र केले असता पुष्कळसे परस्परांस छेदतात आणि वाचकास काही अंदाज बांधता येतो. प्रकाशकाने निवडलेल्या शंभर परीक्षकांचे तसे नाही. ज्यांस ह्या जातीचे खेळ आवडतात आणि ज्यांची लेखणी सौम्य आहे त्यांच्याकडेच प्रत जाते. ज्याने मागल्या खेपेस झोडपले त्याचे नाव पुढल्या यादीतून गळते. ह्यात कट नाही. आपल्या मुलीचे स्थळ पाहताना आपण तरी तिच्या निंदकांचा हवाला कोठे देतो? परंतु परिणाम असा होतो की, प्रत्येक परीक्षक अक्षरशः खरे बोलत असला तरी त्या सर्वांचा मिळून निघणारा सूर खोटा असू शकतो. पक्षपात एकेका लेखात शोधून सापडणार नाही. तो निवडीत आहे.

कालाचाही ह्यात भाग आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ग्लूमहेवन' ह्या खेळात ९५ प्रसंग आहेत. रोज सायंकाळी एक खेळावयाचे म्हटले तर त्यांतील निम्म्यांसच दीड महिना लागेल. अशा खेळावर पंधरवड्यात दिलेले मत म्हणजे कादंबरीच्या पहिल्या चार प्रकरणांवरील मत होय. नवेपणाची गोडी ओसरल्यावर जे उरते तेच खेळाचे खरे मोल. आणि आगाऊ परीक्षकास नेमका तेवढाच अवधी मिळत नाही.

'प्रत विनामूल्य मिळाली' असे स्पष्ट लिहिले म्हणजे दोष धुऊन निघतो, असा एक समज आहे. अमेरिकेत २००९ पासून आणि आपल्याकडे केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाने, असा संबंध उघड करणे आवश्यक मानले आहे. ते योग्यच आहे. पण पुरेसे नाही. केन, लोवेनस्टाइन आणि मूर ह्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बरणीत नाणी भरलेली. एकाने दुरून पाहून रकमेचा अंदाज करावयाचा, दुसऱ्याने जवळून पाहून त्यास सल्ला द्यावयाचा. अंदाज फुगला तर सल्लागाराचा फायदा. हा फायदा उघड करावयास लावला तेव्हा सल्लागारांनी रक्कम अधिकच फुगवून सांगितली, आणि ऐकणारांनी पुरेशी वजावट केली नाही. एकदा कबुली दिली की मन मोकळे होते. इतके मोकळे की आवरतही नाही!

मग ह्या परीक्षकांस वाळीत टाकावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. लहान प्रकाशकास जाहिरातीचे बळ नसते; आगाऊ परीक्षण झाले नाही तर त्याचा चांगला खेळही अंधारात राहील. केवळ त्या लेखनाचा दर्जा ओळखला पाहिजे. १८५२ साली इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेपुढे एक खटला चालला. लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम ह्यांनी एका कालवा कंपनीस अनुकूल असा हुकूम कायम केला होता. पण त्या कंपनीचे भाग त्यांच्याकडे होते. त्यांच्या सचोटीविषयी कोणी शंका घेतली नाही, तरी त्यांचा निर्णय रद्द झाला. न्यायाधीशाची योग्यता त्याच्या अंतःकरणावर नव्हे, तर त्याच्या स्थानावर अवलंबून असते. साक्षीदाराचे तसे नसते. त्यास वादी बोलावतो, तरी त्याची साक्ष खरी असू शकते आणि कामासही येते. आगाऊ परीक्षक हा असा साक्षीदार आहे. खेळाचे नियम काय, तो किती वेळ चालतो, किती जणांनी खेळावा, हे त्याने सांगावे आणि आपण ऐकावे. 'घ्या' किंवा 'घेऊ नका' हा निकाल मात्र त्याचा नव्हे.

न्यायाधीश हवा असेल तर त्याचा खर्च कोणी तरी सोसला पाहिजे. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेली ग्राहकांची संस्था तपासावयाच्या वस्तू दुकानातून विकत घेते आणि जाहिराती घेत नाही. तिला हे साधते, कारण तिचे वाचक वर्गणी भरतात. आम्हांस निःपक्ष मत हवे असते, परंतु ते फुकट हवे असते. जो खर्च वाचक करीत नाही तो प्रकाशक करतो, आणि मग टाळी त्याच्याच नावाने वाजते. परीक्षकाच्या मिंधेपणास हसण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने हा हिशेब एकवार मांडून पाहावा.