आजीचा दिवस



आज जुलैचा चौथा रविवार. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली तो आजी-आजोबांसाठी राखून ठेवला.

पुण्याच्या धावपळीत आपल्या आजीचा दिवस कसा जातो? नातवाचा डबा, शाळेच्या व्हॅनला झालेला उशीर, हरवलेला चष्मा, संपत आलेल्या गोळ्या. आणि जेवणापूर्वी नातू न सांगता क्रुसाची खूण करतो, तेव्हा तिचे डोळे भरून येतात.

प्रभू येशूचे आजी-आजोबा, संत योआकिम व संत अन्ना, यांची नावे शुभवर्तमानात नाहीत. ती परंपरेने जपली. तरी मरियेला प्रार्थना त्यांनीच शिकवली असेल ना? आजीची श्रद्धाही अशीच, नाव न होता, आपल्यापर्यंत आली.

आपण तिच्या हातून डबा घेतो. पण ‘आजी, गोळ्या घेतल्यास का?’ एवढेही विचारत नाही. आज मिस्सानंतर तिच्याजवळ दहा मिनिटे बसू या. तीही प्रार्थनाच आहे.