आज हवा छान आहे, पण कोणासाठी?



सप्टेंबर संपत आला की आपल्या मंदिरात देवाची मोठी पंचाईत होत असावी. एकाच मिस्सात एक जण पाऊस थांबावा म्हणून हात जोडतो, कारण त्याचे हळवे भात पिकून उभे आहे. त्याच्या मागच्या बाकावरच्याला अजून चार सरी हव्या आहेत, कारण गरव्याचा दाणा भरायचा आहे. किनाऱ्यावरच्या कोळी भगिनींना वलांडीवर टांगलेले बोंबील सुकवायला कडक ऊन हवे. आणि एखादा काहीच मागत नाही. तो शनिवारी मुंबईहून मुलाबाळांना घेऊन आईकडे आलेला असतो. रात्रभर कौलांवरचा पाऊस ऐकत झोपलेला असतो आणि आता त्या पावसाबद्दल मनापासून देवाचे आभार मानत असतो.

ख्रिस्तसभेला ही पंचाईत नवी नाही. आपल्या मिस्साग्रंथात पाऊस पडावा म्हणून प्रार्थना आहे, आकाश निवळावे म्हणून आहे आणि वादळ शमावे म्हणूनही आहे. ऋतूंकडे धर्मसभेने फार पूर्वीपासून लक्ष दिले. वर्षातून चारदा, ऋतू बदलताना, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन दिवस उपवास व प्रार्थना करण्याची जुनी प्रथा रोमन परंपरेत होती. १९६९ च्या सुधारित नियमांनी त्या दिवसांचा निर्णय ठिकठिकाणच्या बिशपांच्या परिषदांवर सोपवला आणि बहुतेकांना त्यांचा विसर पडला. ते ऋतू युरोपातले होते हे खरे. पण त्या प्रथेतली एक गोष्ट आपण विचारात घ्यावी. ऋतूबद्दल आभार आणि उपवास, दोन्ही एकाच दिवशी. आज आपल्याला त्यातले आभार तेवढे आवडतात.

शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या मागणीबद्दल प्रवचनात अनेकदा बोलून होते. आज आम्हाला बोलायचे आहे ते त्या आभार मानणाऱ्याबद्दल. ज्या पावसाने शेजाऱ्याचे पीक आडवे केले, त्याच पावसाचा आनंद घेणे योग्य आहे का?

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू या. आपल्या धर्मग्रामात अशी कितीतरी आहेत. नोकरी मुंबईत, बिऱ्हाड फ्लॅटमध्ये, आणि वाडीतल्या जुन्या घरात आजी. जूनमध्ये मृगाची पहिली सर आली की मुले अंगणात धावतात. जुलैत आवणीच्या चिखलात उतरतात आणि गुडघ्यापर्यंत रुतल्यावर हसत बसतात. नोव्हेंबरात पहाटे दव पडते, केळीच्या पानांवरून थेंब टपकतात आणि चुलीजवळची जागा मिळवण्यासाठी भांडणे होतात. जानेवारीत वालाच्या शेंगा, उकडहंडी आणि अंगावर आजीची गोधडी. मे महिन्यात ताडगोळे. घामाने जीव जातो, तरी रात्री ओट्यावर झोपून वाऱ्याची झुळूक आली की सगळे एकदम ‘आहा’ म्हणतात. वीज गेलेली असेल तर ही झुळूक अधिक गोड लागते, हेही सांगितले पाहिजे.

हे सुख पाप आहे काय? मुळीच नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की आनंद म्हणजे चांगल्या गोष्टीत इच्छेला मिळालेला विसावा, आणि ज्या गोष्टीत आपण विसावतो ती चांगली असेल तर तो आनंदही चांगलाच. पाऊस ही देवाची निर्मिती आहे. महापुरानंतर देवाने नोहाला जे अभिवचन दिले त्यात पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन हे चक्र थांबणार नाही हेच होते. बदलणारे ऋतू म्हणजे त्या अभिवचनाचे दरवर्षीचे पालन आहे. ज्याला पहिल्या पावसाचा वास आवडत नाही त्याच्या भक्तीबद्दल आम्हाला उगाच शंका येते.

तरीही प्रश्न सुटत नाही. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या लुक्रेतियुस या रोमन कवीने एक अस्वस्थ करणारे निरीक्षण नोंदवले. समुद्र खवळलेला असताना किनाऱ्यावर उभे राहून दुसऱ्याची धडपड पाहणे सुखाचे असते. दुसऱ्याचे हाल आवडतात म्हणून नव्हे, तर आपण त्यातून सुटलो आहोत हे जाणवते म्हणून. पुढे १७९० साली इमॅन्युएल कान्टनेही म्हटले की वादळ, विजा, उसळता समुद्र यांचे भव्य रूप आपल्याला ओढून घेते, पण आपण सुरक्षित जागी असू तरच. दोघेही खरे बोलले. आपल्या बाल्कनीत चहाचा कप हातात घेऊन पावसाची मौज घेणारा मनुष्य त्याच किनाऱ्यावर उभा आहे. त्याच्या हातून काही वाईट घडत नाही. फक्त त्या पावसात उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही, किंवा दिसला तर चित्राचा भाग म्हणून दिसतो. हिरवे शेत, पांढरा बगळा आणि इरले घेतलेली बाई.

कोणी म्हणेल, फादर, असा विचार केला तर कधी हसताच येणार नाही. जगात कुठे ना कुठे कोणाचे तरी पीक पडतच असते. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. माझ्या न हसण्याने शेजाऱ्याचे भात उभे राहत नाही. आनंदाला कुलूप लावणारी धार्मिकता येशूला मान्य नव्हती. तो काना गावच्या लग्नाला गेला होता.

याचे उत्तर आम्हाला त्या आजीपाशी सापडते. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट होतो, नातू टाळ्या पिटतो आणि पाऊस थांबू नये म्हणतो. आजी खिडकीशी येते, शेताच्या दिशेने पाहते आणि म्हणते, “थांबू दे रे बाळा, डिमेलोकाकांचे भात कापून पडलेय.” पण ती नातवाला गप्प बसवत नाही. थोड्या वेळाने तीच त्याला भजी तळून देते. पावसाचा वास तिलाही आवडतो, कदाचित त्या मुलापेक्षा जास्त, कारण तिने सत्तर-पंचाहत्तर पावसाळे पाहिले आहेत. तिचा आनंद कमी झालेला नाही. त्यात डिमेलोकाकाही मावतात, एवढेच. संत पौलाने रोमकरांना लिहिताना आनंदितांबरोबर आनंद आणि रडणाऱ्यांबरोबर रडणे ही दोन्ही कामे एकाच दमात सांगितली. आधी एक उरका, मग दुसरे, असे सांगितले नाही.

या पार्श्वभूमीवर मत्तयच्या पाचव्या अध्यायातले येशूचे बोल पुन्हा वाचावेत. स्वर्गीय पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, असे तो म्हणतो. आपण मुंबई-वसईकर हे ऐकताना पाऊस म्हणजे संकट असे समजतो. रेल्वे बंद, रस्ते तुंबलेले. पॅलेस्टाईनमध्ये मात्र उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, पाऊस येतो तो साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, आणि त्याच्यावर वर्षाची भाकर अवलंबून असते. येशूचे ऐकणारे लोक हवामान जाणणारे होते. पश्चिमेकडे ढग दिसला की पाऊस येणार, हे त्यांना कळते असे तो लूकच्या शुभवर्तमानात सांगतो. आपल्यासारखाच त्यांचाही समुद्र पश्चिमेला. म्हणजे तो वाक्य बोलला ते दानाबद्दल. शत्रूच्याही शेतात पडणाऱ्या दानाबद्दल. जो पाऊस माझ्या छपरावर सुरेल वाजतो तो शेजाऱ्याच्याही वाट्याचा आहे, आणि त्याचा वाटा त्याला कसा लागला हे विचारणे मला टाळता येत नाही.

आता हे विचारणे पूर्वीपेक्षा निकडीचे झाले आहे. पूर्वी मृग कधी, दसरा कधी, यावर शेतकऱ्याचा हिशेब बसे. २०२० साली हवामान खात्यानेच मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली. हळवे भात मात्र आपल्या वेळेलाच पिकते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ होते आणि कोकणात कापलेले भात शेतातच भिजले. २०२५ साली २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आपल्याकडे सुकी मासळी, सरपण आणि घरशाकारणी यांची लगबग. शहरातल्यांना मात्र त्या दिवशी उकाडा गेला म्हणून बरे वाटले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत हे मांडले. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा निर्मितीचा काळ आपण पाळतो तो त्यामुळेच. झाड लावून फोटो काढला की तो पाळून झाला असे काहींना वाटते. असो.

तेव्हा शनिवार-रविवारी वाडीत येणाऱ्या कुटुंबांनी जरूर यावे. मुलांना चिखलात उतरू द्यावे, कपडे धुता येतात. फक्त परत जाण्याआधी एकदा बांधावरून फिरून यावे आणि ज्याच्या शेतातला हिरवा रंग पाहून डोळे निवले त्याच्याशी चार शब्द बोलावे. पीक कसे आहे, मजूर मिळाले का, पंचनामा झाला का, असे. मुलांना बरोबर न्यावे.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी येतील. ज्यांचे भात कापायचे राहिले आहे आणि हात कमी पडतात, त्यांनी आपले नाव पुढच्या रविवारपर्यंत लहान ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखाकडे द्यावे. कोयता धरता येत नाही अशांनाही भारे वाहता येतात. आकाश निवळलेले दिसले की शनिवारी सकाळी सात वाजता मंदिराच्या आवारात जमू. पाऊस असेल तर रविवारी मिस्सानंतर ठरवू.