पाठबदल आणि साक्ष

संहितेत बदल करणे हे काही संगणकयुगाचे वैशिष्ट्य नव्हे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. परंतु तशी नोंदही ग्रंथाअखेरच्या ओव्यांत ठेवली. शिवाय हस्तलिखित परंपरेत एका प्रतीतील फेरफाराला दुसरी प्रत साक्षी असते. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या, विक्रेत्याकडे हक्क नसलेल्या ई-प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत मिळाले. प्रत मात्र उरली नाही. जी प्रत दूरवरून नाहीशी करता येते, ती नकळत बदलताही येईल. मग पाठचिकित्सा कशाच्या आधारे करायची? कागद की पडदा, हा वाद त्यामानाने गौण आहे. फेरफार करणाऱ्याने त्याची कबुली द्यावी आणि पूर्वीचा पाठ राखावा, हा आग्रह समीक्षेने सोडता कामा नये.