शिवणीतली माया

ऑफिसला रोज घालायची पॅन्ट कशी निवडावी, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे असं म्हटलं तर तुम्ही हसाल. स्मरणिकेत अध्यात्मावर लेख शोभतो, प्रवासवर्णन शोभतं, आजीच्या पुरणपोळीवर लिहिलेलं तर हमखास शोभतं. पण कपाटातल्या खाकी पॅन्टवर? तरीही, एम.एस. संपवून गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअर कन्सल्टंट म्हणून या क्लायंटकडून त्या क्लायंटकडे हिंडताना हा प्रश्न माझ्या मागे लागलेला आहे. आणि तो जितका उसवावा तितका आत आत जातो, असा माझा अनुभव आहे.

आधी थोडं या पॅन्टविषयी. अमेरिकन माणूस जिला 'खाकीज' म्हणतो, तो शब्द आपल्याच बाजूचा. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, माती. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशावरला 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण उभी केली आणि तिच्या शिपायांना मातीच्या रंगाचे कपडे दिले. तिथून खाकी ब्रिटिश फौजेत गेली, मग इतर फौजांत. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीवर शिकायला कॉलेजात आलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती कॅम्पसवर नेली. पुढे १९८६ मध्ये लिवाय स्ट्रॉस कंपनीने डॉकर्स बाजारात आणल्या, आणि १९९२ मध्ये 'कॅज्युअल म्हणजे नेमकं काय घालायचं' हे सांगणारी पुस्तिकाच ठिकठिकाणच्या एच.आर. खात्यांना पाठवून दिली. टाय गेला, 'बिझनेस कॅज्युअल' आलं. २०२० मध्ये तर कॅमेऱ्याच्या कृपेने कमरेखाली काय आहे हे बघणारंच कुणी उरलं नाही. आता पुन्हा आठवड्यातले काही दिवस ऑफिसात जावं लागतं, आणि प्रश्न पुन्हा कपाटासमोर येऊन उभा राहतो.

टिकाऊ पॅन्ट ओळखायची कशी, हे सांगणं सोपं आहे. कापड तिरकस विणीचं, म्हणजे ट्विल, आणि हाताला भरीव लागणारं हवं. उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसायला लागलं तर ते लवकर विरणार. दोन्ही पाय जिथे मिळतात तिथली शिवण दुहेरी टिपेची हवी, कारण खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची पॅन्ट बहुधा तिथेच आधी जाते. खिशाच्या तोंडाशी टाके घट्ट भरलेले हवेत. खिशाचं अस्तर चिवट हवं, नाहीतर गाडीच्या किल्ल्या सहा महिन्यांत त्याला भोक पाडतात. ताणलं जाणारं कापड बसायला आरामाचं, पण ड्रायरच्या उष्णतेने त्यातला लवचिक धागा दमतो आणि गुडघ्याला पोक येतो. इतकं पाहिलं की बाजारातल्या निम्म्या पॅन्टी आपोआप बाद होतात.

यानंतर आपण मराठी माणसं जे करतो ते करायचं, म्हणजे हिशेब. समजा एक पॅन्ट २५ डॉलरची आणि ती वर्षभर टिकते. आठवड्यातून दोनदा घातली तर वर्षाच्या ५० आठवड्यांत १०० वेळा, म्हणजे एका वेळेला २५ सेंट. दुसरी ८० डॉलरची, पण चार वर्षं चालते. ४०० वेळा घातली, म्हणजे एका वेळेला २० सेंट. महागडी पॅन्ट स्वस्त पडली! पण किती? वर्षाला पाच डॉलर, म्हणजे एका कॉफीचे पैसे. आणि दोन वर्षांत कंबर दोन इंच वाढली (आमच्या मंडळाच्या गणपतीतले मोदक पाहता हे गृहीत धरायला हरकत नाही), तर तीच पॅन्ट दर वेळेला ४० सेंटला पडते. सारांश, हिशेब बरोबर आहे, पण निर्णय घ्यायला पुरत नाही. आणि असिस्टंटशिपवर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात एकदम ८० डॉलर नसतातच. टिकाऊ वस्तू घेऊन पैसे वाचवायचे तर आधी हातात पैसे लागतात. म्हणून स्वस्त पॅन्ट घेणाऱ्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग खरा प्रश्न कुठे आहे? माझ्या मते तो असा : किंमत वसूल झाली असं आपण म्हणतो, तेव्हा ती कुणाकडून वसूल झाली?

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक जण पाश्चात्त्य दुकानांसाठी कपडे शिवणारे कामगार होते, त्यांत बायका जास्त. आदल्या दिवशीच इमारतीला तडे गेलेले दिसले होते. तिथली बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण शिवणकामाच्या कारखान्यांतल्या माणसांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आलं. ऑर्डर वेळेवर जायला हवी होती. त्या ऑर्डरीच्या दुसऱ्या टोकाला, सेलच्या दिवशी, आपल्यासारखंच कुणीतरी उभं असतं.

कमी वस्तूंत राहावं असं सांगताना आपल्याकडे अपरिग्रहाचं नाव घेतात. पतंजलींनी योगसूत्रांत पाच यम सांगितले : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. मला वाटतं, पॅन्टच्या दुकानात अपरिग्रहापेक्षा अस्तेय जास्त कामाचं आहे. अस्तेय म्हणजे चोरी न करणं. कपाटात किती पॅन्टी आहेत हा माझ्या मनःशांतीचा प्रश्न झाला. पण त्यांतल्या एखाद्या पॅन्टमध्ये शिवणाऱ्याच्या मजुरीचा राहून गेलेला भाग असेल, तर तो दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि माझ्या मनःशांतीहून मोठा आहे.

इथे गोष्टी सोप्या नाहीत, हेही खरं. ८० डॉलरची पॅन्ट शिवणाऱ्या बाईला जास्त मजुरी मिळते, असं किमतीच्या चिठ्ठीवर कुठे लिहिलेलं नसतं. महाग म्हणजे नीतिमान असं समीकरण मांडलं तर श्रीमंत माणसाला पुण्यवान होणं फारच सोपं होईल. उलट, बांगलादेशचे कपडे घेणंच बंद केलं तर त्या बायकांचं काम जातं. काम गेल्यावर काय होतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर कधी संपला हे कुणालाच सांगता येत नाही, पण गिरण्या संपल्या. आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आहेत, आणि जिथे कापड विणलं जायचं तिथे बाहेरून शिवून आलेल्या पॅन्टी घातलेली मुलं लॅपटॉप घेऊन बसतात. तेव्हा बहिष्कार हे उत्तर नव्हे. काम राहावं, पण ते करणाऱ्याच्या जिवावर आणि पोटावर बेतू नये, एवढंच म्हणणं आहे. राणा प्लाझानंतर इमारतींच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार झाला आणि अनेक मोठ्या कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानदाराला उत्तर शोधावं लागतं, हे त्यातून दिसलं.

आता जरा आपल्याकडे वळू. आम्हा कन्सल्टंट लोकांचाही तासाचा दर असतो. कंपनीच्या भाषेत आम्ही माणसं नव्हे, 'रिसोर्स'. इथला माणूस तासाला किती डॉलर, पुण्याचा किती, मनिलाचा किती, असे तक्ते मीटिंगमध्ये पडद्यावर येतात. ते मी पाहतो, कधी तयारही करतो. माझ्या कामाचाच तो भाग आहे. याच तक्त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांना या देशाचं दार उघडलं, म्हणून त्याला शिव्या देणं मला शोभायचं नाही. पण एक गोष्ट लक्षात येते. मी पॅन्ट ज्या हिशेबाने निवडतो, त्याच हिशेबाने मलाही निवडलं जातं : टिकाऊ आहे का, किमतीच्या मानाने बरा आहे का, आणि विरला की बदलायला किती खर्च येईल? स्वतःला या मापाने मोजून घ्यायला कुणालाच आवडत नाही. मग ज्या हातांनी माझी पॅन्ट शिवली, त्यांना ते का आवडावं?

या सगळ्या विचारात मला एका शब्दाची फार मदत झाली, आणि तो शब्द शिंप्याचा आहे. लहानपणी आमचे शाळेचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवले जायचे. आई शिंप्याला बजावून सांगायची, "माया जास्त ठेवा हं." शिवणीच्या आत, बाहेरून न दिसणारं जे जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. दर जूनमध्ये खालची दुमड उसवायची, कमरेची माया थोडी सोडायची, आणि तीच पॅन्ट आणखी एक वर्ष काढायची. उसवलेल्या जागी गडद रेघ दिसायची, पण वर्गात सगळ्यांच्याच पॅन्टला ती असल्यामुळे कुणी लाजत नसे.

पोटातली ओढ, वेदान्तातला भ्रम आणि शिवणीतलं जादा कापड, या तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो. तिसऱ्या अर्थाला मी अलीकडे फार मानतो. स्वस्त पॅन्ट उलटी करून पाहा : शिवण अगदी काठावर मारलेली असते, सोडायला आत काहीच नसतं. कापडाचा अर्धा-पाऊण इंच वाचवलेला असतो, आणि लाखो पॅन्टींवर तो नफा होतो. पण त्याचबरोबर, या माणसाची कंबर वाढेल, दिवस बदलतील, तरी ही पॅन्ट त्याच्याबरोबर राहावी, हा विचारही कापून टाकलेला असतो. जिथे जिथे काठावर शिवण मारली जाते तिथे हेच होतं. तडे गेल्यावर एक दिवस थांबण्याएवढीही माया त्या सावरच्या ऑर्डरीत ठेवलेली नव्हती. एक तिमाही वाईट गेली की माणसं कमी करणाऱ्या कंपनीतही ती नसते.

म्हणून काटकसर आणि कंजूषपणा यांतला फरक मी असा करतो. कंजूष माणूस फक्त पैशाकडे बघतो, काटकसरी माणूस वस्तूकडेही बघतो. कंजूष मायेचं कापड वाचवतो, काटकसरी ते मुद्दाम ठेवतो. टिकाऊपणा काही सगळाच कापडात नसतो, अर्धा तरी तो वापरणाऱ्याच्या मनात असतो. ड्रायरच्या जाळीत दर वेळी जो मऊ लोकरीसारखा थर साचतो, तो आपल्याच कपड्यांचा झडलेला धागा असतो. पॅन्ट उलटी करून गार पाण्यात धुवावी आणि वाळत घालावी. आता इथल्या पुष्कळ वसाहतींत अंगणात दोरी बांधायला बंदी असते, हा भाग वेगळा! मग तळघरात बांधावी. खिसा फाटला तर अस्तर बदलून घ्यावं. तुमच्याही गावात एखादी कोरियन किंवा व्हिएतनामी बाई ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या कोपऱ्यात मशीन घेऊन बसलेली असेल. दुरुस्तीचे बारा-पंधरा डॉलर तिच्या हातात देताना, निदान या पैशांपुरतं तरी, ते कुणाला मिळाले हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं. नव्या पॅन्टच्या बाबतीत तसं कधी दिसत नाही.

पॅन्ट कोणत्या कंपनीची घ्यावी, हे मी सांगणार नाही. दरवर्षी माल बदलतो, आणि आमच्या घरात माझ्या आवडीला मत आहे, मताधिकार नाही. पण दिवाळीच्या खरेदीला जाल तेव्हा एक करून पाहा. किमतीची चिठ्ठी बघायच्या आधी पॅन्ट उलटी करा आणि मागची मधली शिवण बोटांनी चाचपा. मुलं बरोबर असतील तर त्यांनाही दाखवा. मराठी शाळेत 'माया' शब्दाचा अर्थ त्यांनी 'प्रेम' असा लिहिलेला असतो. त्याला हात लावून बघता येतो, हे त्यांना तिथे कळेल.