मूल ऐकत असतं

रात्री उशिरा दाराची कडी वाजते. अंथरुणातलं मूल डोळे मिटून पडलेलं असतं, पण मूल ऐकत असतं. चपला नीट काढल्या की भिरकावल्या, एवढ्यावरून आजची रात्र कशी जाणार ते त्याला कळतं. फिनलंडमध्ये दारू पिणाऱ्या आईबापांच्या अशा मुलांसाठी चालणाऱ्या कामाला ‘काचेचं बालपण’ असं नाव दिलं आहे. किती नेमकं नाव! तिथला बर्फ वेगळा, आपलं ऊन वेगळं. काच मात्र तशीच तडकते. दारूने घर कसं तडकतं, हे आपल्याकडेही ठाऊक आहे: आपल्या गडचिरोलीत लोकांनी, त्यातही बायाबापड्यांनी, दारूविरुद्ध आवाज उठवला आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

कुणी म्हणेल, मी माझ्या कमाईची पितो, पोरावर कधी हात उगारत नाही. खरं असेल. पण मार नसला, तरी मूल ऐकत असतं. रात्री दिलेला शब्द सकाळी विसरला गेला, हे त्याच्या लक्षात राहतं. मग ते मित्राला घरी बोलावत नाही. सहलीचा कागद सहीसाठी पुढे करत नाही. चूक आपलीच असेल, असं त्याला वाटू लागतं, आणि हे ओझं सगळ्यांत जड. श्रोतेहो, आज रात्रीही कडी वाजेल. मूल ऐकत असेल.